आई गेल्या, चव राहिली

"कवा गेली गो बायजा?" सखुबाईने विचारलं, आणि प्रणालीने पार्सलांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत सांगितलं, "काल सकाळच्या एसटीनं." सखुबाईने तिचा हात धरला होता तो सोडला. बोर्लीच्या बाजारात, लाल माठाच्या जुड्यांमागे बसून ही बाई रोज अख्ख्या पंचक्रोशीची खबर घेते, तिला कशाचंही आश्चर्य वाटत नाही, आणि आता तिचं तोंड उघडं पडलं होतं. "एसटीत? एसटीत गेली?" "हो, दिघीच्या." "आगं बाय माझे! आन तुमी कुनाला सांगितला पन न्हाय!" असं म्हणून सखुबाईने पदर डोळ्यांना लावला. प्रणालीला आधी हसू आलं. सासू लेकीकडे गेली यात गावाला सांगण्यासारखं काय? मग वाटलं, कळलं वाटतं हिला भांडण. भिंतीला कान असतात, पडवीला तर भिंतच नाही. तेवढ्यात सखुबाईच्या सुनेने मोबाइल तिच्यापुढे धरला. मोबाइलमध्ये आई होत्या, तिच्या सासूबाई. काळ्यापांढऱ्या, मान किंचित खाली, समोर फेण्यांचं ताट, त्यातून निघणारी वाफ. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: आई गेल्या. चव राहिली. त्याखाली बारीक अक्षरांत 'पडवी', बोर्ली पंचतन, घरपोच मिळेल. "अहो, जनीताईंकडे गेल्यात! मुरुडला!" प्रणाली एवढ्या मोठ्यांदा ओरडली की एसटीच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. सखुबाईने पदर खाली घेतला. रडं वाया गेलं की माणसाला राग येतो, तसा तिला आला. "मंग ह्यो काय परकार हाय? जिता मानूस हाय तो! तिच्या कानावर जायाच्या आदी तू जा. आत्ताच्या आत्ता जा."

रिकाम्या बाकावर बसून प्रणालीने स्वतःचा मोबाइल उघडला. 'पडवी' या आपल्या घरगुती धंद्याच्या पेजच्या सारख्या टुणटुणीला कंटाळून तिने रात्रीच आवाज बंद केला होता, आणि तिला माहीत नसताना जग तिच्या दाराशी येऊन हात जोडून उभं राहिलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. माझी आजीपण अशाच फेण्या करायची, तिची आठवण आली, डोळे भरले, दोन पाकिटं पाठवा. चित्र पुन्हा मोठं करून पाहताना तिच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर 'छान झालंय'. हे तिला नंतर दिवसभर टोचत राहिलं. घाबरायच्या आधी, अरे देवा म्हणायच्या आधी, एक क्षण तिने ते चित्र दुकानदाराच्या नजरेने पाहिलं होतं, आणि त्याच क्षणात कुठेतरी आत हलकं हलकं वाटलं होतं, जसं लग्नघरातली पाहुणेमंडळी गेल्यावर वाटतं. मग भीती आली. पण ती दुसरी आली, आणि तिचा क्रम आता बदलता येणार नव्हता. पियूषला तिनेच शोधून आणलं होतं, कोणाला न विचारता. खारघरला बसून तो लहान दुकानांची जाहिरात करून देतो, असं त्याच्याच एका जाहिरातीत तिने पाहिलं. पहिल्या व्हिडिओ कॉलला तिने ड्रेस बदलला, केस नीट केले, मागे भिंतीवर रिकामी सुपं टांगली. त्याने विचारलं, मॅडम, तुमची स्टोरी काय? ती म्हणाली, फेण्या आहेत, तांदळाच्या. कडवे वाल आहेत, कोकमाचं आगळ आहे. तो म्हणाला, ते झालं प्रॉडक्ट, स्टोरी काय? तिला घाम फुटला. बारावीच्या तोंडी परीक्षेला फुटला होता तसाच. कामोठ्यात वाढलेली, कॉमर्स झालेली मुलगी, लग्न करून इथे आली, वादळात घरावरचे पत्रे गेले, पुन्हा घातले, नवरा तळोज्याच्या कंपनीत, सुट्टीला येतो. यात स्टोरी कुठली? "घरात कोणी आजी वगैरे?" पियूषने विचारलं, आणि ती सुटल्यासारखी म्हणाली, "सासूबाई आहेत ना! फेण्या त्याच करतात." त्याचा चेहरा उजळला. परफेक्ट, म्हणाला. तेव्हापासून आई म्हणजे स्टोरी झाल्या.

आईंना मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या गाऊनवर, खांद्यावर टॉवेल टाकून, गॅसपाशी उभ्या राहून फेण्या उकडत होत्या तशाच उकडत राहिल्या. पियूषला नऊवारी हवी होती, नथ हवी होती, चूल हवी होती. चूल मागच्या दारी होती, आंघोळीच्या पाण्याची. नथ शेजारून आणता आली असती. नऊवारीचं नाव काढताच आई म्हणाल्या, "मी कवा नेसल्ये नऊवारी? माझी सासू नेसायची. तिचा सोंग मी काढू?" प्रणाली म्हणाली, पाच मिनिटांचं काम आहे आई. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाजात धार होती. नवऱ्याने, सुजितने, सांगून टाकलं होतं, हा उन्हाळा बघायचा, नाही चाललं तर पडवी बंद करून तळोज्याला खोली घ्यायची. आणि तळोज्याची ती खोली तिने पाहिली होती, खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी. हे सगळं आईंना सांगायचं सोडून तिने भलतंच सांगितलं. "तुम्हाला नुसतं बसायचंय. तेवढंही जमत नसेल तर..." वाक्य तिने तिथेच सोडलं. तिला वाटलं अर्धं सोडलं म्हणजे बोललो नाही असं होतं. पण 'तर'च्या पुढे काय घालायचं ते ऐकणारा आपल्या मनाने घालतो, आणि स्वतःला लागेल असंच घालतो. सकाळी आईंनी पिशवी भरली. उंबऱ्याबाहेर पडताना या घरात कोणी 'जाते' म्हणत नाही, शेजारी मीठ मागायला जायचं असलं तरी 'येते' म्हणतात. आई काहीच म्हणाल्या नाहीत. प्रणाली आत पीठ ढवळत राहिली, एसटीचा हॉर्न ऐकला तरी ढवळत राहिली.

पियूषने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "मॅडम, मीच करणार होतो, पण म्हटलं तुम्ही विधीमध्ये असाल. सॉरी फॉर युवर लॉस. पण रिच बघितला का तुम्ही, किती लोकांनी पाहिलीय पोस्ट?" "पियूष, आई जिवंत आहेत." मग तो जपून, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर बोलला. व्हॉइस नोट आहे." "मी म्हटलं मुरुडला गेल्यात." "मुरुड नाही बोलला मॅडम. एक मिनिट, पाठवतो." तिचाच आवाज तिच्याकडे परत आला. काल हात पिठात होते म्हणून टाइप न करता बोलून पाठवलेला. तिने मोबाइल कानाला घट्ट लावला. मागे पातेल्याचा आवाज, एक श्वास, मग: "आई गेल्या. आता व्हिडिओ होणार नाही. आहेत त्या फोटोंतच काय ते करा." बस, एवढंच. तिने पुन्हा ऐकलं. 'मुरुडला' नव्हतं. ती छातीवर हात ठेवून सांगायला तयार होती की आपण म्हटलंय, जीभ टाळूला लागल्याचंही तिला आठवत होतं, आणि ते कुठेच नव्हतं. जे होतं ते वेगळंच. तो आवाज थकलेला होता, बसका होता, पण दुःखी नव्हता. दिवसभराचं एखादं किचकट काम उरकल्यावर बाई जशी 'झालं बाई एकदाचं' म्हणते, तसा होता. पियूषला काय दोष द्यायचा? त्याने त्या दोन शब्दांत जे होतं तेच ऐकलं, वर माणुसकीने त्यात दुःख घातलं. "मॅडम, ऐका ना," तो म्हणत होता, "मिस्टेक माझीपण आहे, कन्फर्म करायला पाहिजे होतं. काढतो. पण आत्ता काढली ना, तर ज्यांनी ऑर्डर टाकली ते सगळे भडकणार, फ्रॉड बोलणार. दादरच्या एका स्टोअरचा मेसेज आहे, त्यांना कायम माल पाहिजे. संध्याकाळपर्यंत राहू दे, मग शांतपणे काढतो, लोकांच्या लक्षातपण येणार नाही. चालेल?" दिघीची एसटी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. "बरं," प्रणाली म्हणाली, आणि चढली.

खिडकीशी जागा मिळाली. वाड्यांच्या कडेकडेने गाडी निघाली. सुपारीची झाडं सरळ उभी, मधूनमधून वादळाने तोडलेल्या नारळांचे नुसतेच खांब, त्यांना आता कोणी बघत नाही. प्रणालीने जनीला फोन लावला. नणंद एरवी दुसऱ्या रिंगला उचलते आणि अर्धा तास सोडत नाही. आज वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कळलं असेल? कळलं असतं तर जनीने फोन करून आधी गाव गोळा केला असता. मग कळलं नसेल. की कळलंय म्हणूनच उचलत नाही? मोबाइल हातात थरथरत होता, ऑर्डरी येत होत्या, कोणी वाशीहून, कोणी थेट नाशिकहून, आणि प्रत्येक थरथरीबरोबर तिला दोन गोष्टी एकदम वाटत होत्या, लाज आणि आशा. कुठली कुठे संपते ते तिला समजेना. वादळाच्या दिवसाची गोष्ट तिने पियूषलाही सांगितली नव्हती. पत्रे उडायला लागले तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली, कामोठ्याच्या चौथ्या मजल्यावर वारा म्हणजे फक्त दार आपटणं एवढंच ठाऊक असलेली, कोपऱ्यात बसून मम्मी मम्मी म्हणून रडत होती. आई पिठाच्या पिंपावर बसल्या होत्या, पिंप उडू नये म्हणून, दोन्ही हातांनी कड धरून, आणि तिथूनच ओरडत होत्या, "रडू नको गो, पीठ हाय! पीठ हाय तवर काय होत न्हाय!" नंतर कितीतरी दिवस त्या पिठावरच घर चाललं. त्या दिवसापासून ती त्यांना आई म्हणायला लागली. त्याआधी काहीच म्हणत नसे, 'अहो' म्हणून वेळ मारून न्यायची. ही खरी स्टोरी होती. पियूषने विचारलं तेव्हा ती आठवलीच नाही. माणसाला हवं तेव्हा नेमकं तेवढंच आठवत नाही, यालाही काहीतरी नाव असेल.

दिघीहून पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर ऊन चढलं होतं. खाडीचं पाणी तापून वर येणारा डिझेलचा वास, मोटारसायकली. मुरुडला फिरायला निघालेली एक पुण्याची मंडळी सेल्फी काढत होती. त्यातली एक बाई मोबाइल बघत दुसरीला म्हणाली, "अगं, हे इथलंच आहे वाटतं. बोर्ली. बिचारी." प्रणालीने तोंड फिरवलं. तिला वाटलं आपल्या कपाळावर लिहिलंय. मग तिला एक विचार आला आणि तो आल्याबरोबर तिने कठडा धरला: आई खरोखरच गेल्या असत्या, तर आज मी काय करत असते? घरात बायका आल्या असत्या, सासऱ्यांच्या वेळी आल्या होत्या तशाच, पडवीत गुडघे वर घेऊन बसल्या असत्या. मी रडले असते. नक्की रडले असते. पण दोन-चार दिवसांनी, पार्सलांकडे बघत, मी पियूषला फोन केला असता का? आणि तोही हेच म्हणाला असता का, आई गेल्या, चव राहिली? आगरदांडा जवळ येत होता, आणि गेल्यावर काय बोलायचं ते तिने मनाशी जुळवायला घेतलं. आधी हसायचं. काय झालं माहितीये का आई, असं सुरू करायचं. त्या खाडीवर तिने ते वाक्य कितीदा तरी म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते त्या व्हॉइस नोटच्याच आवाजात निघालं.

जनीचं घर लॉजच्या मागे, नारळांत. जनी दारातच उभी होती, जणू वाट बघत. फोन का उचलला नाही हे तिने सांगितलं नाही, प्रणालीनेही विचारलं नाही. "आलीस, वयनी," एवढंच म्हणाली, "आई मागं हाय." मागच्या पायरीवर आई बसल्या होत्या, तोच गाऊन, तोच टॉवेल, पुढ्यात भिजलेल्या वालांचं भांडं. वाल चिमटीत धरून दाबायचा, डाळिंब्या एकीकडे, साल एकीकडे. त्यांनी मान वर केली नाही.

"फोटू बरा आलाय," त्या म्हणाल्या. "गाऊन दिसत न्हाय."

"आई, ते चुकून झालं. मी त्याला म्हटलं गेल्या, म्हणजे इकडे, आणि त्याला वाटलं—"

"ठावं हाय. आसंच कायतरी झाला आसंल. तू काय मुद्दाम मारशील व्हय मला?" आणि त्या हसल्या. खरंच हसल्या, खांदे हलले. प्रणाली पायरीवर बसली, तिलाही हसू फुटलं. आईंनी मूठभर वाल तिच्याकडे सरकवले. दोघी सोलायला लागल्या. "माझ्या म्हायेरी," आई म्हणाल्या, "बाईच्या डोक्याला कावला शिवला ना, का खोटा निरोप धाडायचे. अमकी गेली. मग भावकी रडत यायची, ऊर बडवायची. रडून झाला का सांगायचे, हाय ती, या, जेवा. मरान परतून जायचा."

"म्हणजे तुमचं आयुष्य वाढलं, आई!" प्रणाली उत्साहाने म्हणाली. सगळं मिटलं होतं. काहीच झालं नव्हतं, उलट चांगलंच झालं होतं, हे सुजितला कसं सांगायचं तेसुद्धा तिच्या डोक्यात तयार व्हायला लागलं.

"वाढल की. पन त्याला आपला मानूस रडावा लागतो. खरा मानून. परकी मानसा लिवतात त्याचा काय न्हाय." आईंनी आता मान वर केली. "तू कवा बघितलास?"

"सकाळी. बाजारात."

"आन अजून हाय तो?"

वाल चिमटीतून निसटून पायरीवरून खाली गेला. सांगण्यासारखं खूप होतं. पेज पियूषच्या हातात असतं, गाडी लागली होती, लोक फ्रॉड म्हणाले असते. सगळं खरं होतं. "संध्याकाळी काढतो म्हणाला," ती म्हणाली.

"तो म्हनाला. तू काय म्हनालीस?"

नारळांत कावळे ओरडत होते. आतून जनीच्या बांगड्यांचा आवाज थांबला. "मी बरं म्हटलं," प्रणाली म्हणाली.

आई रागावल्या असत्या तर तिला चाललं असतं. आदल्या दिवशीसारखी पिशवी उचलली असती तरी चाललं असतं. त्या फक्त तिच्याकडे बघत राहिल्या, बाजारात नाणं खोटं आहे का खरं हे बघावं तसं, आणि मग पुन्हा सोलायला लागल्या. प्रणालीने तिथल्या तिथे पियूषला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आईंनी ऐकावं म्हणून. "आत्ता काढ. आत्ताच्या आत्ता." "ओके मॅडम, ओके. पण मग नवीन काहीतरी टाकायला लागेल ना, क्लॅरिफिकेशन. लोक विचारणार. काय लिहू?" आई आहेत, असं लिही, ती म्हणणार होती, आणि तिची नजर आईंकडे गेली.

आईच बोलल्या, फोनकडे वाकून, परक्या मुलाशी बोलावं तशा गोडीने. "बाला, आसा लिव. आई हाय. पन आमच्याकडं न्हाय."

"सॉरी, आजी?" पियूष म्हणाला. "म्हणजे फेण्या मिळणार की नाही?"

प्रणालीने फोन बंद केला. मग ती रडली, तोंडावर हात न घेता, सालीच्या ढिगाशेजारी, कामोठ्याच्या मुलीसारखी हुंदके देत. जनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थबकली. आईंनी तिला रडू दिलं. खूप वेळ रडू दिलं. एकदा हात तिच्या पाठीकडे आलाही, मग टॉवेलला पुसला गेला.

"आता त्याचा उपेग न्हाय गो," त्या म्हणाल्या. "आता तुला ठावं हाय ना, मी हाय ती."